सुट्टीवर आलेला जवान आणि त्याचा बाप: जत्रेच्या नाटकात हे भांडण कसं लिहायचं, कसं बसवायचं

आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूला जत्रेचं नाटक पालखी देवळात परतल्यावर सुरू होतं, म्हणजे पहिली घंटा वाजेपर्यंत रात्रीचे साडेबारा होतातच. खाजेवाल्यांच्या दुकानातले दिवे चालू असतात. पुढच्या खुर्च्यांवर शाल घेऊन म्हातारी माणसं बसतात, आणि पोरं सगळ्यात मागे, बाईकवर, अर्धी मोबाईलमध्ये. बाप पुढे, मुलगे मागे. तुम्ही बाप-लेकाच्या भांडणाचं विनोदी नाटक करणार असाल तर आधी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण ज्या वाक्याला पुढची रांग हसते त्या वाक्याला मागची हसत नाही, आणि दोघांना एकत्र हसवायचं असेल तर त्यासाठी आधीपासून विचार करून लिहावं लागतं.

मी गेली काही वर्षं वाड्यावर नाटक बसवते आणि फौजेतून घरी आलेला मुलगा हा विषय दोनदा केलाय, पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा जमला. दर वर्षी कोणीतरी विचारतं की असं काही लिहायचंय, कुठून सुरू करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

पहिल्यांदा काय चुकलं ते आधी. मी बापाला रागीट केला होता. मुलगा ट्रंक घेऊन दारात, बाप ओरडतोय, मुलगा उलट ओरडतोय, मध्ये आई रडतेय. तालमीत आम्हाला वाटायचं काय जबरदस्त सीन झालाय, आणि जत्रेत दहाव्या मिनिटाला लोक चहाला उठायला लागले. नाटक संपल्यावर गावातले एक फौजेतून रिटायर्ड झालेले हवालदार काका मेकअपच्या खोलीत आले, बराच वेळ नुसते उभे राहिले आणि मग म्हणाले, "बाय, मी सुट्टीवर यायचो तेव्हा बाबा ओरडत नव्हते. बोलतच नव्हते." एवढंच बोलून गेले. मी ते नाटक त्या रात्रीच मनातून मोडलं.

मग मी जुनी नाटकं वाचायला घेतली आणि एका रोमन नाटकात मला पूर्ण उत्तर सापडलं. टेरेन्स नावाच्या नाटककाराचं, इ.स.पू. १६३ मधलं, 'हेऑटोन टिमोरुमेनोस', म्हणजे स्वतःलाच शिक्षा करून घेणारा माणूस. ते पहिल्यांदा झालं तेसुद्धा रोममधल्या एका देवीच्या उत्सवात, मॅग्ना मेटरच्या, म्हणजे सरळ जत्रेचंच नाटक म्हणा. गोष्ट अशी: मेनेडेमस नावाचा बाप, त्याचा मुलगा क्लिनिया एका गरीब मुलीच्या प्रेमात. बाप रोज टोचत राहतो, तुझ्या वयात मी आशियात जाऊन लढलो, नाव आणि पैसा कमावून आलो, आणि तू बघ. एके दिवशी मुलगा खरंच उठतो आणि आशियात राजाच्या फौजेत भरती होतो. झालं, बाप आतून मोडतो. घरातलं सामान विकतो, नोकरचाकर विकतो, शेत घेतो आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतः राबत बसतो, माझ्यामुळे पोर तिकडे हाल काढतोय तर मी इथे सुख कसलं भोगू. नाटक उघडतं तेव्हा शेजारी त्याला विचारतोय की बाबा रे, एवढा कशाला राबतोस, ते अवजार जरा खाली ठेव. आणि मुलगा? तीन महिन्यांत परत आलेला आहे, फक्त बापासमोर जायची हिंमत नाही म्हणून शेजाऱ्याच्या घरी उतरलाय.

बघा काय केलंय टेरेन्सने. पडदा उघडायच्या आधीच भांडण संपलेलं आहे! बापाने हार मानलेली, मुलाने पण मानलेली, फक्त एकमेकांना सांगितलेलं नाही. म्हणून माझं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की दोघांनी मनातून केव्हाच माघार घेतलेली पाहिजे आणि तरी पहिला शब्द कोणी बोलायला तयार नाही अशी परिस्थिती लिहा. मग ते भांडतात ते ट्रंक कुठे ठेवायची यावर, अंगण कोणी झाडायचं यावर, रोटी की शीत, म्हणजे भात, यावर. प्रेक्षकांना दोघांचं खरं माहीत असतं म्हणून प्रत्येक क्षुल्लक भांडणाला हशा येतो आणि तो हशा मायेचा असतो. बापाला खलनायक केलंत तर पुढची रांग उठून जाईल, मुलाला देशभक्तीचा पुतळा केलात तर मागची बाईक स्टार्ट होईल.

आता हे आपल्याकडे आणायचं कसं. मी बापाची ती स्वतःला शिक्षा करून घेण्याची गोष्ट पंख्यावर आणली. मुलगा राजस्थानात पोस्टिंगला, म्हणून बापाने मे महिन्यात घरातला पंखा बंद केलाय. गोव्यातला मे महिना तुम्हाला माहीतच आहे, आंघोळ करून बाहेर आलं की परत आंघोळ. शेजारी येतो, सोप्यावर बसतो आणि सीन असा चालतो:

शेजारी: पंखा बिघडला काय रे?
बाबा: नाही. पोर जैसलमेरला आहे.
शेजारी: बरं. मग पंखा त्याने नेला?
बाबा: तिथे पंखा नाही.
शेजारी: (शर्टाची बटणं काढत) अरे पण मी तर इथे आहे ना!

पहिल्या वाक्यापासून लोक हसतात, आणि "तिथे पंखा नाही" ला बायका हसता हसता थांबतात, मी विंगेतून दर वेळी बघितलंय. बापाने हे वाक्य साधं, वेळ सांगितल्यासारखं बोलायचं. इथे गळा भरून आणला की सीन गेला.

तो शेजारी जपून ठेवा, नाटक अर्धं त्याच्यावर चालतं. रोमन नाटकातला शेजारी क्रेमेस सगळ्या गावाला सल्ले देत फिरतो, मुलाशी कसं वागावं ते मेनेडेमसला शिकवतो, आणि त्याच्या स्वतःच्या घरात त्याचा मुलगा काय उद्योग करतोय याचा त्याला पत्ताच नाही, ज्या खर्चिक बाईच्या नादी मुलगा लागलाय ती त्याच्याच घरात पाहुणी म्हणून जेवतेय, आणि हा समजतोय ती क्लिनियाची. आपल्याकडे असे काका प्रत्येक वाड्यावर आहेत. बाईचं प्रकरण तसंच्या तसं घ्यायची गरज नाही, आमच्या शेजाऱ्याचा मुलगा आखातात नोकरीला आहे असं शेजारी सगळ्यांना सांगत असतो आणि तो मुलगा खरं तर इथेच जवळ म्हापशात मित्राच्या खोलीवर राहतो, एवढं पुरलं. मूळ नाटकात एका टाकून दिलेल्या मुलीचीही गोष्ट आहे, मुलगी झाली तर मारून टाक असं क्रेमेसने बायकोला सांगितलेलं, ती मात्र वगळा, आपल्या प्रेक्षकाला त्यानंतर हसू येणार नाही आणि येऊही नये.

भाषेचं मात्र सविस्तर सांगते कारण गोव्यात खरी मजा तिथे आहे. आपण घरी बोलतो कोंकणी, स्टेजवर नाटक मराठी, आणि फौजेतून आलेला मुलगा चार वर्षं बोलतोय हिंदी. या तिन्ही भाषा नाटकात राहू द्या, एकसारखं करायला जाऊ नका. आमच्यात बाबा मराठीत बोलतात, आजी पूर्ण कोंकणीत, मुलगा मराठीत बोलतो पण दचकला किंवा घाबरला की हिंदी बाहेर येते. त्यातूनच आमचा सगळ्यात चांगला क्षण आला:

बाबा: ट्रंक तिथे नको. वाट अडते.
मुलगा: (टाचा जुळवून) जी साब!
आजी: खंयचो साब आयला रे?
(हशा. हशा उतरेपर्यंत कोणी हलायचं नाही.)
बाबा: (स्वतः ट्रंक उचलायला वाकत) मी साब नाही.

यात सांगण्यासारखं हे की हशा आजीच्या वाक्याला येतो, आणि बापाचं वाक्य त्या हशावर बोललं तर वाया जातं. नटाला सांगा, मनात तीन मोज, मग वाक. आणि ट्रंक खरंच जड ठेवा, आत विटा भरा. रिकामी ट्रंक उचलताना कुठलाही नट जड असल्याचं खोटं करतो आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसतं. भरलेली असली की म्हातारा बाप ती उचलू शकत नाही, मुलगा दुसरी कडी धरतो, आणि दोघं एका ट्रंकेच्या दोन बाजूंना, पहिल्यांदा एकमेकांच्या एवढे जवळ. ते मी लिहिलं नव्हतं, तालमीत झालं.

फौजेची सवय आणि घरची सवय यांची टक्कर हा विनोदाचा दुसरा मोठा साठा. मुलगा पहाटे साडेचारला उठून अंगण झाडून ठेवतो, आणि चाळीस वर्षं तो मान बापाचा. बाप खराटा घेऊन बाहेर येतो तर अंगण लख्ख. तो काही बोलत नाही, तुळशीजवळची चार पानं खाली पाडतो आणि तेवढीच झाडतो. (या जागेला आमच्याकडे टाळ्या पडल्या.) आजी कौतुकाने हुमण-शीत वाढते, मुलगा हळूच विचारतो रोटी आहे का, घरात सुतक पडल्यासारखी शांतता. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो आणि मुलगा झोपेतून ताडकन उठून उभा राहतो. हे आवाज खरे वापरा, पोदेराचा हॉर्न कुठेही मिळतो, मोबाईलवरचा बिगूल लावण्यापेक्षा हजार पटीने चांगला.

बाप ओरडणार नाही हे मी वर सांगितलं, पण नट ऐकत नाहीत, जत्रेच्या स्टेजवर माईक वर टांगलेले असतात आणि सगळ्यांना वाटतं ओरडल्याशिवाय पोचणार नाही. टेरेन्सच्या त्याच नाटकाची नांदी म्हणा किंवा प्रस्तावना, ती अँबिवियस टर्पिओ नावाच्या म्हाताऱ्या नटाने स्टेजवर येऊन बोलली होती, आणि त्यात तो प्रेक्षकांना विनवतो की दर वेळी धावत येणारा नोकर आणि संतापलेला म्हातारा हेच मला घसा फोडून करायला लावू नका, आज एक शांत नाटक शांतपणे बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नटाची तक्रार आणि आमच्या बापाचं काम करणाऱ्या काकांची तक्रार एकच! मी ती त्यांना वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून त्यांनी आवाज खाली आणला. दोन माईक पुढे खाली लावून घ्या, साऊंडवाल्याला आधी सांगून ठेवा, आणि महत्त्वाची वाक्यं त्या माईकांसमोर बसवा.

आता भांडणाचं कारण. क्षुल्लक भांडणं चालू असली तरी खाली एक खरं कारण लागतं, नाहीतर दुसऱ्या अंकात काही उरत नाही. आजच्या काळात ते शोधायला लांब जावं लागत नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली, साडेसतरा ते एकवीस वयात भरती, चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होणार आणि बाकीचे सेवा निधीचे साधारण ११.७१ लाख रुपये घेऊन घरी. म्हणजे बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, हातात बापाने आयुष्यात एकत्र न पाहिलेली रक्कम, आणि पेन्शन नाही. मी माझ्या नाटकात मुलगा सुट्टीवर न येता चार वर्षं संपवून आलाय असं केलं, आणि त्याने ते घरात सांगितलेलं नाही, सगळे समजतात महिन्याभराच्या रजेवर आलाय. आजी पहिल्याच दिवशी विचारते परत कधी जाणार, आणि तो दर वेळी वेगळी तारीख सांगतो. हे गुपित प्रेक्षकांना पहिल्या पंधरा मिनिटांत कळू द्या. उशिरा कळवलंत तर एकदाच धक्का बसेल, लवकर कळवलंत तर तासभर प्रत्येक तारखेला हशा येईल.

पैशावरून वाद लिहिताना मात्र ठरावीक वाटेने जाऊ नका. ठरावीक म्हणजे म्हातारा म्हणतो शेती, तरुण म्हणतो धंदा. मी उलटं केलं. बाप म्हणतो मोपाचा विमानतळ झालाय, टॅक्सी घे, शेतात काय आहे! आणि हे तो बोलतो तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, कारण मुलगा गेल्यापासून दिवसभर तो शेतातच राबतोय. मुलगा म्हणतो मला शेत पाहिजे, चार वर्षं वाळू बघितली. बापाचं काळजीपोटी बरोबर, मुलाचं पण बरोबर. दोघांची बाजू लिहून झाली की एक चाचणी करा: बापाची वाक्यं गावातल्या वीस वर्षांच्या पोराला वाचायला द्या आणि मुलाची वाक्यं साठीच्या माणसाला. वाचताना त्याला एकदाही, अरे हे खरंय, असं वाटलं नाही तर त्या बाजूवर परत बसा.

हा पैसा कोणाचा हा प्रश्नही जुनाच आहे बरं का. रोममध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलगा कितीही मोठा झाला तरी कायद्याने बापाच्या ताब्यात, कमाईसुद्धा बापाची. पुढे सम्राट ऑगस्टसच्या वेळी सैनिक मुलांना फौजेतल्या कमाईचं मृत्युपत्र करायचा हक्क मिळाला, म्हणजे सगळ्यात आधी कोणाचे पैसे बापाच्या हातातून सुटले तर शिपायाचे. आमच्या नाटकात मी हे शेजाऱ्याच्या तोंडी नाही घातलं, भाषण झालं असतं. तुम्हाला लिहिताना माहीत असलं की पुरे, वाक्याला वजन आपोआप येतं.

गणवेशाबद्दल माझं मत पक्कं आहे: वापरू नका. सुट्टीवर येणारा जवान गावात साध्या कपड्यांत येतो, थिवीला रेल्वेतून उतरतो आणि रिक्षाने घरी. २०२२ मध्ये लष्कराने आणलेला नवा कॉम्बॅट गणवेश तसाही बाजारात विकायला नाही, आणि भाड्याचा जुना डगळ गणवेश घातला की गावातला प्रत्येक माजी सैनिक चूक शोधत बसतो, मग त्याला नाटक दिसत नाही. कानांवरून बारीक कापलेले केस, काळी ट्रंक त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि नंबर, इस्त्रीची घडी, जेवताना ताट पुसून जागेवर ठेवणं, बस्स. आमच्या मुलाचं काम करणाऱ्या पोराने तालमीचे दोन महिने केस खरंच तसे ठेवले आणि त्याच्या आईने शेवटी विचारलं की तू भरती होतोयस का मला न सांगता. आणि एक विनंती, शहीद होण्याचा सीन घालू नका, सीमेवरचा फोन नको, तिरंगा घेऊन शेवटची ओळ नको. ज्यांच्या घरातलं माणूस खरंच तिकडे आहे ते समोर बसलेले असतात. त्यांना दोन तास हसायला मिळू दे.

पात्र निवडताना खऱ्या बाप-लेकांना बाप-लेक करायचा मोह होतो, मला पण झाला होता. करू नका. घरात जे बोलत नाहीत ते स्टेजवर पण एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत. काका-पुतण्या उत्तम जमतात. आजीला मात्र खरी म्हातारी बाई शोधा, मेकअपची आजी आणि खरी आजी यांत फरक असतो, खरी आजी प्रॉम्प्टरची वाट न बघता स्वतःचं वाक्य घालते आणि बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

तालमीला सगळे एकत्र कधीच मिळत नाहीत, कोणी हॉटेलात शिफ्टला, कोणी कारखान्यात, तर बाप-लेकाचे दोघांचेच सीन वेगळे काढून रात्री दहानंतर देवळाच्या सभागृहात करा. आठ-दहा वेळा तरी फक्त दोघं. पहिल्या दोन वेळा वाक्यांशिवाय करून घ्या, नुसती कामं: ट्रंक, खराटा, ताट, दार. वाक्यं नसताना सीन कळला तर वाक्यं निम्मी कापता येतात, आणि कापाच.

शेवट आमचा असा. मुलाचं खरं आजीच सांगून टाकते, तिला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, कारण एवढी मोठी ट्रंक महिन्याभराच्या सुट्टीला कोण आणतं! त्यानंतर बाप-लेक सोप्यावर बसतात. लांबलचक समेट लिहू नका, आमच्याकडे चारच वाक्यं आहेत आणि त्यातली दोन घामाबद्दल. मुलगा विचारतो पंखा का लावत नाही, बाप म्हणतो बिघडलाय. मुलगा उठून बटण दाबतो. पंखा फिरतो. बाप म्हणतो, "आपोआप नीट झाला."

यासाठी टेबलफॅन घ्या, छताचा नको, स्टेजवर टांगायला धोका असतो. जुना, किंचित करकरणारा मिळाला तर फार छान. बटण दाबायच्या आधी विंगेतल्या माणसाने मेन स्विच चालू केलाय ना हे दोनदा बघा, आमचा दुसऱ्या प्रयोगात फिरलाच नाही आणि बापाने वेळ ओळखून वायर हलवली. पुढचा माईक बंद करायला सांगा नाहीतर वारा घुसून नुसती घरघर ऐकू येते. बापाचा शर्ट हलायला लागला की मग लाईट हळूहळू उतरवा, आणि पडदा त्यानंतर.